मॅन्युअल गाडीला क्रूझ कंट्रोल बसवून घेतला, त्याची सगळी हकिगत (खर्च आणि कागदांसकट)

माझी गाडी 2018ची डिझेल हॅचबॅक, पाच गिअर, मॅन्युअल, मधला व्हेरिएंट. याच गाडीच्या सगळ्यात वरच्या व्हेरिएंटला क्रूझ कंट्रोल (एक्सलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) कंपनीतूनच यायचा, माझ्याकडे स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला त्या बटणांच्या जागी नुसतं काळं प्लॅस्टिकचं झाकण. इतकी वर्षं ते झाकण बघून काही वाटलं नाही, समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर वाटायला लागलं.

मी राहते छत्रपती संभाजीनगरला, माहेर कारंजा लाड. पूर्वी जालना, सिंदखेडराजा, मेहकर करत जुन्या रस्त्यानं जायचं तर अख्खा दिवस मोडायचा, पण गंमत अशी की पाय दुखायचा नाही. कारण पाय सतत हलता, ब्रेक, क्लच, खड्डा, म्हैस, परत एक्सलरेटर. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि प्रवास तीन तासांवर आला, पण त्या तीन तासांत उजवा पाय एकाच कोनात धरून ठेवायचा. माझा घोटा कॉलेजात असताना मोडलेला आहे, तो मेहकर येईपर्यंत ठणकायला लागतो. मग वेग आपोआप 90 वर येतो, लक्षात आलं की परत 115, मागे बसलेली मुलगी म्हणणार आई गाडी अशी का करतेय.

(नवऱ्याचं वेगळंच. त्याचा पाय ठणठणीत आहे पण गप्पा सुरू झाल्या की एक्सलरेटर सुटतो, गप्पा थांबल्या की दाबला जातो. क्रूझ कंट्रोलचा जनक राल्फ टीटर, लहानपणीच दृष्टी गेलेला अमेरिकन इंजिनिअर, त्याला ही कल्पना म्हणे त्याच्या वकिलाच्या अशाच गाडी चालवण्यावरून सुचली. 1950 मध्ये पेटंट मिळालं आणि 1958 मध्ये क्रायसलरच्या गाड्यांत तो आला. हे वाचून दाखवल्यावर घरी थोडा अबोला झाला.)

तर, आधी गाडीला हे झेपतं का ते बघायचं. यात मी बराच वेळ घालवला आणि तोच सगळ्यात उपयोगी पडला. पहिली गोष्ट, एक्सलरेटर तारेचा आहे की इलेक्ट्रॉनिक. जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनापर्यंत चक्क केबल जाते, तिथे क्रूझ बसवायचा तर ती केबल ओढणारी वेगळी मोटर नाहीतर व्हॅक्यूमचा डबा लावावा लागतो, तो उद्योग मी केला नसता. माझ्या गाडीत पेडलवर सेन्सर आहे, तो ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो की बाईंनी इतकं दाबलंय, पुढचं तो बघतो. म्हणजे क्रूझ हा खरं तर त्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम, वेगळं यंत्र असं काही नसतंच. तो प्रोग्राम माझ्या व्हेरिएंटच्या ईसीयूत आहे का, हा खरा प्रश्न.

दुसरी गोष्ट, क्लच पेडलला स्विच आहे का. ड्रायव्हरच्या बाजूनं खाली वाकून मोबाइलच्या टॉर्चनं बघायचं, पेडलच्या वरच्या टोकाला छोटा स्विच आणि त्यातून निघणाऱ्या वायरी दिसतात. ब्रेकलाही तसाच असतो, तो तर सगळ्याच गाड्यांत असतो कारण मागचे दिवे त्याच्यावरच लागतात. ऑटोमॅटिकवाल्यांना क्लचची भानगडच नाही. मॅन्युअलमध्ये मात्र क्लच स्विच नसेल तर पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही, का ते खाली येईल.

9 जून 2025ला सर्व्हिस सेंटरला गेले. चारच दिवसांपूर्वी समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला होता आणि तिथेही सगळे तेच बोलत होते की आता मुंबईपर्यंत सरळ. सर्व्हिस अॅडव्हायझरनं नीट ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. चेसिस नंबर टाकला की तुमच्या व्हेरिएंटला हा पार्ट दाखवतच नाही, त्यामुळे जॉब कार्डवर लिहिता येत नाही, आणि जॉब कार्डवर नाही ते आम्ही करत नाही. मला त्यात राग येण्यासारखं काही वाटलं नाही. वॉरंटी संपलेली असल्यानं तो धोका नव्हता, पण ज्यांची चालू असेल त्यांनी हे आधी लेखी विचारा, ईमेलनं. तोंडी 'काही होत नाही मॅडम' याला क्लेमच्या वेळी काही अर्थ नसतो.

बाहेर दोन पर्याय होते. एक म्हणजे कुठल्याही गाडीला चालणारा तयार किट. तो पेडलचा सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधे बसतो, पेडलचा कनेक्टर काढायचा, किटचा लावायचा, आणि मग किट ईसीयूला खोटंच सांगत राहतो की पाय इतका दाबलेला आहे. मला बारा ते अठरा हजार असे आकडे मिळाले. पेडलमध्ये सेन्सर एक नसून दोन असतात, दोघांचे सिग्नल ठरलेल्या हिशेबात जुळले पाहिजेत, नाही जुळले तर ईसीयू घाबरून इंजिनची ताकदच कमी करून टाकतो. चांगले किट दोन्ही सिग्नल बरोबर बनवतात, स्वस्तातल्यांचं सांगता येत नाही. ज्यांच्या ईसीयूत क्रूझचा प्रोग्रामच नाही त्यांना दुसरा मार्ग नाही, त्यांनी चांगला किट घ्यावा. मला मात्र पेडल आणि इंजिनाच्या मधे कुणी तिसरा नको होता.

दुसरा पर्याय, वरच्या व्हेरिएंटची खरी बटणं आणून लावायची आणि ईसीयूत क्रूझ चालू करून घ्यायचा. त्यासाठी जालना रोडच्या मागच्या गल्लीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी आधी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र, लावला आणि लाइव्ह डेटामध्ये क्रूझ, ब्रेक आणि क्लच अशा ओळी मला दाखवल्या. क्लच दाबला की त्याची ओळ बदलत होती. म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरला समजतंय सगळं, फक्त तोंड बांधलंय त्याचं." ही तपासणी करायच्या आधी कुणीही पैसे खर्च करू नका. माझ्या समोर एका माणसाच्या हातात नवीकोरी बटणं होती आणि त्याच्या ईसीयूत ती ओळच नव्हती.

गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या वर्षांत वायरिंग वेगळं निघतं आणि कोडिंग, म्हणजे ईसीयूतली सेटिंग बदलणं, तर प्रत्येक कंपनीचं निराळं. फोक्सवॅगन समूहाच्या कित्येक जुन्या गाड्यांत 11463 हा आकडा टाकला की क्रूझ चालू होतो आणि 16167 टाकला की बंद, इतकं ते सोपं आहे, दुसरीकडे कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय कुलूप उघडत नाही. माझं वाचून आपल्या गाडीत बोटं घालू नका, एवढंच.

12 जूनला स्पेअर काउंटरवर बटणांचा सेट मागवला. पूर्ण पैसे आधी, आणि बिलावर शिक्का, 'इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतला जाणार नाही'. हा शिक्का सगळीकडे असतो त्यामुळे पार्ट नंबर स्वतः दोनदा जुळवा, उजवी बटणं आणि डावी बटणं यांचे नंबर शेवटच्या अक्षरात वेगळे असतात. 3,850 रुपये, त्यात 28 टक्के जीएसटी आला. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झालाय त्यामुळे तुम्हाला थोडं कमी पडेल. दहा दिवस सांगितले होते, आला 7 जुलैला. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी फोन करायचा आणि "गाडीत आहे मॅडम" ऐकायचं, कुठल्या गाडीत ते विचारायचं नाही.

याच वेटिंगमध्ये कागदाचं काम केलं. आरटीओचं काही लागतं का असं एजंटला विचारलं, तो हसला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे पण ते आरसीवर नोंदलेल्या गोष्टींबाबत, आणि क्रूझ कंट्रोल आरसीवर कुठेच नसतो, त्यामुळे तिथे काही करायचं नव्हतं. विमा कंपनीला मात्र मी ईमेल टाकला. आठवडाभरानं उत्तर आलं की बिल आणि फोटो पाठवा, रिन्यूअलच्या वेळी इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून नोंद करू. याला आयएमटी 24 म्हणतात, वस्तूच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता. बटणं आणि वायरिंग मिळून 4,750, त्याचे 190, वर जीएसटी धरून 224 रुपये. एवढ्याशा पैशांसाठी लोक लपवतात आणि मग सर्व्हेअरनं स्टेअरिंगवर बोट ठेवलं की तंतरते.

12 जुलै, शनिवार, सकाळी दहाला गाडी उस्तादांकडे. चाकं सरळ करून उभी केली, बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि मग चक्क चहा. का तर एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ करंट राहतो, तो जाऊ द्यायचा असतो. जो माणूस बॅटरी काढल्या काढल्या स्टेअरिंगला हात घालेल त्याच्याकडून गाडी घेऊन घरी या, खरंच. चहानंतर एअरबॅग काढली, तोंड वर करून बाजूच्या टेबलावर ठेवली, आत ती गोल गुंडाळलेली पट्टीसारखी केबल असते, स्पायरल केबल, स्टेअरिंग फिरतं तशी ती उलगडते आणि गुंडाळते. तिला लगेच टेप मारला म्हणजे जागची हलणार नाही, ती चुकीच्या जागी फिरलेली राहिली तर नंतर पूर्ण वळण घेताना तुटते आणि हॉर्न, एअरबॅग सगळंच जातं. नशिबानं माझ्या केबलमध्ये जादा वायरी आधीच होत्या. नसत्या तर ती केबलच बदलावी लागली असती आणि तिचे सहा-सात हजार वेगळे. म्हणून बटणं घ्यायच्या आधी हेही बघून घ्या.

काळं झाकण निघालं, बटणं बसली, खाली एक छोटी वायर ओढली, लॅपटॉप लावून कोडिंग झालं. मीटरमध्ये क्रूझचं चिन्ह उमटलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला आणि तो पुढची पंधरा मिनिटं टिकला. चिन्ह लागतं पण वेग पकडतच नाही. उस्तादांनी पुन्हा स्कॅनर लावला. ब्रेकच्या स्विचमध्ये आत दोन संपर्क असतात, पाय नसताना एक बंद आणि एक चालू, पाय पडला की दोन्ही उलटे. दोघांनी कायम विरुद्ध बोललं पाहिजे, म्हणजे एक बिघडला तरी ईसीयूला कळतं. माझ्या गाडीत दुसरा संपर्क मधूनच पहिल्याचीच री ओढत होता. मागचे दिवे व्यवस्थित लागत होते त्यामुळे हे कधी कळलंच नसतं. क्रूझ चालू न होणं हीच इथली सुरक्षा, ईसीयूचं म्हणणं एवढंच की ब्रेकवर भरवसा नसेल तर मी वेग धरणार नाही.

गल्लीतल्या एका पोरानं सुचवलं की ती वायर बायपास करून टाकू, लगेच चालू होईल. उस्ताद त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मला म्हणाले, "ताई, पकडतंय का ते नंतर बघू. सोडतंय का ते आधी." स्विच 640 रुपयांचा, तो यायला आठवडा, 19 जुलैला बसला आणि त्याच मिनिटाला क्रूझ चालू झाला.

पण हायवेवर लगेच गेले नाही. 20 जुलै, रविवार, पहाटे सोलापूर-धुळे हायवेच्या नव्या बायपासवर, नवरा शेजारी वही घेऊन. रात्री पाऊस झालेला म्हणून रस्ता वाळेपर्यंत टपरीवर बसलो, पोहे खाल्ले. या चाचण्या कुणीच सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितेय. चौथ्या गिअरमध्ये 50 ला सेट केला, पाय काढला, आणि ब्रेकला फक्त स्पर्श. गाडी हळू व्हायच्या आधीच क्रूझ सुटला पाहिजे, मीटरमधला दिवा बघायचा. मग परत सेट, आणि आता क्लच, तोही पूर्ण नाही, अर्ध्याच्या आत. इथे सुटला नाही तर काय होतं ते कळलं की क्लच स्विचचं महत्त्व कळेल. इंजिन आणि चाकं वेगळी झाली, वेग पडायला लागला, ईसीयूला वाटतं चढ आला, तो आणखी डिझेल देतो आणि इंजिन एकदम किंचाळतं. मग कॅन्सलचं बटण, मग मुख्य स्विच. मग सेट केल्यावर लगेच दोन सेकंदांत ब्रेक. मग हेच सगळं 80 ला पाचव्या गिअरमध्ये. 40 च्या खाली माझी गाडी सेटच होत नाही, तेही वहीत लिहिलं. आणि दर वेळी थांबून मागचे दिवे कुणालातरी बघायला सांगायचं, कारण आपण स्विचला हात लावलाय.

रिझ्यूमचं बटण जरा जपून. ब्रेक मारून 60 वर आलात, तिसरा गिअर टाकला आणि रिझ्यूम दाबलं की गाडीला जुना 110 आठवतो, ती तिसऱ्यातच तिकडे निघते, क्रूझला गिअरचं काही कळत नाही. मी आधी स्वतःच्या पायानं वेग वाढवते, पाचवा टाकते, मगच बटण.

पोळ्याला, म्हणजे 22 ऑगस्टला, माहेरी जायचं होतं. आदल्या दिवशी टायरची हवा थंड गाडीत तपासली आणि सकाळी सावंगीला समृद्धीवर चढलो. कारला 120 ची मर्यादा आहे, मी 100 ला लावला. लोक म्हणतात मग काय उपयोग, पण माझी गाडी 100 ला शांत असते आणि टायर सात वर्षांच्या गाडीचे आहेत, बदललेले असले तरी. जालना सोडल्यावर पाऊस लागला, क्रूझ बंद. ओल्या रस्त्यावर पाण्याच्या थरावर चाक सरकलं तर क्रूझला ते कळत नाही, तो वेग धरायलाच बघतो. सिंदखेडराजाच्या पुढे कोरडं लागलं, परत चालू. चढावर मॅन्युअलची खरी परीक्षा. पाचव्यात वेग 100 वरून 94 वर आला, इंजिन घुमायला लागलं, तेव्हा क्लच दाबून क्रूझ सोडायचा, चौथा टाकायचा, परत सेट करायचा. काही नव्या मॅन्युअल गाड्या गिअर बदलेपर्यंत क्रूझ धरून ठेवतात म्हणे, माझी नाही.

माझ्या दिराची ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली, ती मी नंतर मुद्दाम चालवून पाहिली. तिथे चढ आला की गाडी स्वतःच गिअर खाली टाकते, काही करावं लागत नाही, फक्त अचानक आवाज वाढतो त्यानं पहिल्यांदा दचकायला होतं. आरामाला ती कितीतरी बरी. पण उतारावर दोघी सारख्याच, साधा क्रूझ ब्रेक मारत नाही, इंधन बंद करून बघत बसतो, गाडी भरलेली असेल तर 100 ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर 100 चे 108 होतात आणि कॅमेरा तुमचं काही ऐकून घेत नाही. पुढच्या गाडीचं अंतर बघून हळू होणारा रडारवाला क्रूझ वेगळा, तो असा बटणं लावून येत नाही, त्याचा नाद करू नका.

पायाचं म्हणाल तर घोटा दुखला नाही. पाय मात्र मी ब्रेकच्या समोर जमिनीवर सपाट ठेवते. परतीला नवऱ्यानं उजवा पाय सीटवर घेऊन अर्धी मांडी घातली, त्यावरून मेहकरच्या पेट्रोल पंपावर आमची ड्रायव्हर बदली झाली. आणि एक, झोप. समृद्धी सरळ, त्यात पायाला काम नाही, डोळे उघडे असून डोकं बंद होतं. दर तासाला उतरायचं, लघवी लागली नसली तरी.

कारंज्याला बाबांना कौतुकानं दाखवलं की पाय न लावता गाडी चालते. बाबांनी ट्रॅक्टरशिवाय काही चालवलेलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "आन थांबते कशी मंग?" मी त्यांना शेजारी बसवून मूर्तिजापूर रोडला नेलं आणि चारदा सोडून दाखवला, ब्रेकनं, क्लचनं, बटणानं आणि परत ब्रेकनं. "मंग ठीक हाय," म्हणाले, आणि बैल सजवायला गेले.

एकूण खर्च: बटणं 3,850, वायरिंग 900, मजुरी आणि कोडिंग 2,500, ब्रेक स्विच 640, विम्याचे 224. झाले 8,114. डिझेलमध्ये फार फरक पडला असं मला दिसलं नाही, त्या आशेनं करू नका. बिलं, विम्याचा ईमेल आणि कोडिंगच्या आधीच्या सेटिंगचा प्रिंट अशी फाइल ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे. तो प्रिंट नक्की मागून घ्या, पुढे सर्व्हिस सेंटरनं सॉफ्टवेअर अपडेट केलं तर क्रूझ परत बंद होऊ शकतो आणि मग काय बदललं होतं ते कुणालाच आठवत नाही.

आता ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हेच करायचंय. त्याची गाडी माझ्यापेक्षा जुनी, एक्सलरेटर इलेक्ट्रॉनिक आहे, स्कॅनरवर क्रूझची ओळही आहे, बटणांचं कोटेशनही त्यानं आणलं. मागच्या शनिवारी टॉर्च घेऊन आम्ही दोघं त्याच्या पेडलखाली वाकलो तर क्लचला स्विचच नाही, फक्त त्याच्यासाठीचं रिकामं भोक आहे. उस्तादांनी त्याला आधी तो स्विच आणि ईसीयूपर्यंतची वायर याचं वेगळं कोटेशन दिलंय, बटणांची ऑर्डर तोपर्यंत थांबवलीय.